अंगठ्याचा जोर न्यूटनमध्ये

औषध आधीच भरून आलेली काचेची सिरिंज हातात घेतली, टोपण काढले, सुई टोचली आणि अंगठ्याने दट्ट्या दाबला, की पहिल्या क्षणी तो हलत नाही. जोर थोडा वाढवला की एकदम सुटतो आणि मग एका लयीत पुढे सरकत राहतो. संधिवाताच्या कित्येक रुग्णांना हे काम दर पंधरवड्याला स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पोटावर किंवा मांडीवर करायचे असते. बोटे सुजलेली, सांधे आखडलेले, आणि त्याच बोटांनी त्याच आजारावरचे औषध आत ढकलायचे. त्यांच्या अंगठ्यात जेवढी ताकद उरली आहे तेवढ्यातच दट्ट्या शेवटपर्यंत गेला पाहिजे.

अशा वेळी ‘ही सिरिंज हलकी चालते’ किंवा ‘जरा जड जाते’ एवढे म्हणून भागत नाही, आकडा लागतो. त्यासाठी बांधतात ते यंत्र दिसायला अगदी साधे असते: एक मजबूत चौकट, वर मोटर, मोटरला जोडलेला आट्यांचा लांब स्क्रू, स्क्रूवर वरखाली होणारी पट्टी आणि पट्टीच्या टोकाला बल मोजणारा सेन्सर. सेन्सर दट्ट्यावर टेकतो, मोटर फिरते, दट्ट्या खाली जातो, पडद्यावर रेघ उमटते. एवढेच. पण यातली मोटर कोणती घ्यायची आणि सेन्सर कोणता, हे ठरवायला बसलो की धातूच्या पोटात चाललेल्या अशा काही गोष्टी समोर येतात की मला दर वेळी नव्याने नवल वाटते.

आधी ती रेघ पाहू. सिरिंजमधले रबरी बूच नळीच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित मोठे असते, म्हणून ते दाबून बसते आणि औषध गळत नाही. ते सरकावे यासाठी काचेला आतून सिलिकोन तेलाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. सिरिंज महिनोन्‌महिने पडून राहिली की दाबलेले रबर आपल्याखालचे तेल हळूहळू बाजूला सारते आणि काचेला जास्तच चिकटते. म्हणून रेघेच्या सुरुवातीला एक टोकदार सुळका दिसतो: बूच सुटण्यासाठी लागलेले बल. सुळक्यानंतर रेघ खाली येते आणि सपाट चालते, ते सरकण्याचे बल. शेवटी बूच नळीच्या तळाला टेकले की रेघ भिंतीसारखी उभी चढते.

मधल्या सपाट भागाची उंची ठरवते मुख्यतः सुई. त्याचे गणित 1840 च्या सुमारास मांडले गेले आणि मांडणाऱ्यांपैकी एक डॉक्टर होता. पॅरिसचा ज्याँ प्वाझ्यी रक्ताच्या वाहण्याचा अभ्यास करत होता. त्यासाठी त्याने काचेच्या केसासारख्या नळ्यांतून पाणी सोडून मोजमापे घेतली. जर्मन अभियंता गॉटहिल्फ हागेन 1839 मध्ये स्वतंत्रपणे त्याच नियमापाशी पोचला होता. नियम असा की दर सेकंदाला ठरावीक आकारमानाचा द्रव वाहता ठेवायला लागणारा दाब नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी केली की दाब 16 पट.

हे एका सिरिंजवर लावून पाहू. नळीचा आतला व्यास 6.35 मिलिमीटर, 27 गेजची सुई, म्हणजे आतले भोक साधारण 0.21 मिलिमीटर, लांबी अर्धा इंच. एक मिलिलिटर द्रव 10 सेकंदांत सोडायचा. द्रव पाण्यासारखा असेल तर सुईतून तो ढकलायला दट्ट्यावर एक न्यूटनही लागत नाही, साधारण 0.84 न्यूटन पुरते. पण संधिवाताची आधुनिक औषधे म्हणजे प्रथिनांचे दाट द्रावण. ते पाण्याच्या 20 पट घट्ट असेल तर तेच बल जवळजवळ 17 न्यूटनांवर जाते. रुग्णाला कमी दुखावे म्हणून सुई बारीक करून भोक 0.16 मिलिमीटरवर आणले, तर आणखी तिप्पट: 50 न्यूटन, म्हणजे अंगठ्यावर पाच किलोंचे वजन पेलण्यासारखे. सुई बारीक केली तर टोचणे सुसह्य होते आणि दाबणे अवघड. औषध बनवणारे या दोहोंच्या मधली जागा शोधत असतात आणि ती सापडली की नाही हे यंत्राने सांगायचे असते.

आता मोटर. अशा यंत्रात बहुतेकदा स्टेपर मोटर बसवतात. तिच्या आतल्या फिरत्या भागावर 50 दाते असतात. दोन दातेरी चकत्या, मध्ये चुंबक, आणि एका चकतीचे दाते दुसरीच्या दातांच्या बरोबर अर्ध्यात सरकवलेले. भोवतालच्या स्थिर भागालाही तसेच बारीक दाते, पण ते सगळे एकाच वेळी समोरासमोर येणार नाहीत असे मांडलेले. वेटोळ्यांतला प्रवाह एकदा बदलला की फिरता भाग पाव दात पुढे सरकतो आणि तिथेच घट्ट थांबतो. 50 दाते, प्रत्येकाचे चार भाग: एका फेऱ्यात 200 पावले, प्रत्येक पाऊल 1.8 अंशाचे.

या रचनेसाठी जनरल इलेक्ट्रिकच्या कार्ल फायर्टाग आणि जोसेफ डोनाहू यांना 1952 मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले, पण त्यांना पावले टाकणारी मोटर करायचीच नव्हती. गिअरशिवाय हळू फिरणारी मोटर त्यांना हवी होती, जी घरातल्या विजेवर थेट चालेल. विजेचे एक आवर्तन म्हणजे एक दात. अमेरिकेच्या 60 हर्ट्‌झवर ती मिनिटाला 72 फेरे फिरे. आपल्याकडच्या 50 हर्ट्‌झवर 50 दात्यांची तीच मोटर सेकंदाला बरोबर एक फेरा घेईल. हीच मोटर पुढे एकेक आवर्तन सुटे करून, हवे तेव्हा आणि हवी तेवढी पावले टाकत चालवायची असे ठरले, आणि आज प्रिंटरपासून दुर्बिणीच्या बैठकीपर्यंत ती सगळीकडे आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ती सहज मिळते.

हिची खरी करामत मला वाटते ती अशी की ती कुठे आहे हे न पाहता कळते. सेन्सर नाही, मोजपट्टी नाही. 1,000 पावलांचा हुकूम दिला म्हणजे पाच फेरे झाले. चांगल्या मोटरचे प्रत्येक पाऊल पाच टक्क्यांपर्यंत चुकू शकते, पण ती चूक साठत नाही. दहावे पाऊल चुकले म्हणून हजारावे जास्त चुकत नाही, कारण प्रत्येक वेळी ती मोटर लोखंडात कोरलेल्या दातांशीच जुळवून घेते. दोन मिलिमीटर लीडचा स्क्रू जोडला, म्हणजे एका फेऱ्यात पट्टी दोन मिलिमीटर सरकते, तर एक पाऊल 10 मायक्रॉनचे आणि त्यातली चूक अर्ध्या मायक्रॉनची. केसाची जाडी 70 मायक्रॉनच्या आसपास असते. इथे स्क्रूच्या आट्यांतल्या चुका मोटरच्या चुकांपेक्षा कितीतरी मोठ्या ठरतात.

मोटर निवडायची ती जोर पाहून, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात जोर हा सर्वात सोपा प्रश्न आहे. 42 मिलिमीटर चौकोनी तोंडाची, बाजारात नेमा 17 म्हणून मिळणारी मोटर साधारण 0.4 न्यूटन-मीटर पीळ देते. बोटांनी दांडा धरून ती थांबवू पाहिली तर जमते न जमते, एवढीच तिची ताकद. पण दोन मिलिमीटरच्या स्क्रूने तोच पीळ सरळ रेषेत आणला आणि साध्या पितळी नटमध्ये 70 टक्के घर्षणात गमावला, तरी पट्टीवर 375 न्यूटन उरतात. आपल्याला लागणार होते वीसएक! शिवाय ज्या स्क्रूची कार्यक्षमता निम्म्याहून कमी असते तो उलटा ढकलून फिरत नाही. वीज गेली तरी पट्टी जागच्या जागी राहते. गोळ्यांवर फिरणाऱ्या बॉल स्क्रूत घर्षण जवळजवळ नसते, म्हणून तो कार्यक्षम, आणि म्हणूनच वीज गेली की तो मागे फिरू शकतो. इथे कमी कार्यक्षम वस्तूच चांगली.

वेगाचा प्रश्न मात्र खरा. वेटोळ्यात प्रवाह चढायला वेळ लागतो. आपल्या मोटरचे वेटोळे 1.6 ओहमचे आणि 3 मिलिहेन्रीचे धरले तर जवळजवळ दोन मिलिसेकंद. सेकंदाला 300 पावले असतील तर प्रत्येक पावलाला तीन मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ मिळतो, प्रवाह चढतो आणि जोर पुरा राहतो. पण 3,000 पावले मागितली तर प्रवाह वर जाण्याआधीच त्याला उलटे फिरायचा हुकूम मिळतो, जोर गळतो, आणि मोटर पाऊल चुकवते. चुकवते ते तिला स्वतःला कळत नाही, हेच वाईट. म्हणून तीन व्होल्टपेक्षा कमी दाब लागणाऱ्या मोटरला ड्रायव्हरमधून 24 व्होल्ट देतात आणि प्रवाह ठरलेल्या हद्दीला पोचताच तो तोडतात, पुन्हा जोडतात, पुन्हा तोडतात, सेकंदाला हजारो वेळा. एकदाच वापरायच्या सिरिंजसाठीच्या आयएसओ 7886-1 या मानकातला चाचणीचा वेग मिनिटाला 100 मिलिमीटर आहे. आपल्या स्क्रूवर तो म्हणजे मिनिटाला 50 फेरे, मोटरसाठी निवांत चाल.

आता दुसरी बाजू. मोटर हलते आणि बलाची तिला फिकीर नसते. सेन्सरने बल जाणायचे आणि जवळजवळ न हलता. लोडसेल म्हणजे एक धातूचा ठोकळा, नेमक्या ठिकाणी कोरून नाजूक केलेला, आणि त्या जागी चिकटवलेले केसाएवढ्या बारीक रेषांचे नागमोडी धातूपत्र, म्हणजे स्ट्रेन गेज. ठोकळा वाकला की पत्र ताणले जाते, ताणलेली तार लांब आणि बारीक होते, तिचा विद्युतरोध वाढतो. ताणाने तारेचा रोध बदलतो हे लॉर्ड केल्विन यांनी 1856 मध्येच दाखवले होते, पण ती तार वस्तूलाच चिकटवून तिच्याबरोबर ताणू द्यावी ही कल्पना यायला 1938 साल उजाडले. त्या वर्षी कॅलिफोर्नियात एडवर्ड सिमन्स आणि एमआयटीत आर्थर रूज या दोघांना ती स्वतंत्रपणे सुचली. रूज उंच पाण्याच्या टाक्या भूकंपात कशा टिकतील ते पाहत होते. टाकीच्या छोट्या नमुन्याची भिंत इतकी पातळ की जुनी उपकरणे लावली तर भिंतच त्यांच्या भाराने वाकायची. म्हणून त्यांनी बारीक तार पातळ कागदाला चिकटवली आणि कागद भिंतीला.

लोडसेल पूर्ण भाराखाली असताना त्याच्या नाजूक भागाची लांबी साधारण हजारात एक भाग बदलते. तेवढ्याने 350 ओहमचा गेज 0.7 ओहमने बदलतो. म्हणून चार गेज एका चौकटीत जोडतात, दोन ताणणारे आणि दोन दबणारे. ही चौकट व्हीटस्टन यांच्या नावाने ओळखली जाते, पण ती आधी 1833 मध्ये सॅम्युएल क्रिस्टी यांनी सांगितली होती. दहा वर्षांनी व्हीटस्टन यांनी ती लोकांपर्यंत नेली. चौकटीला पाच व्होल्ट दिले तर पूर्ण भाराला बाहेर येतात 10 मिलिव्होल्ट. सिरिंजच्या सुळक्यातला एक न्यूटन म्हणजे त्यातलाही एक कण, आणि तो कण आपल्याला स्पष्ट वाचायचा आहे.

इथे पहिली ओढाताण सुरू होते. लोडसेलची चूक त्याच्या पूर्ण क्षमतेच्या टक्क्यांत सांगतात. 0.1 टक्के म्हटले तर 500 न्यूटनच्या लोडसेलला अर्धा न्यूटन, 50 न्यूटनच्या लोडसेलला 0.05. घर्षण धरून आपले बल 22-25 न्यूटनांच्या घरात, तेव्हा 50 न्यूटनचा लोडसेल घ्यायचा हे उघड. पण आपली मोटर 375 न्यूटन ढकलू शकते, आणि असे लोडसेल साधारण दीडपट भारापर्यंतच सुरक्षित असतात. बूच तळाला टेकले आणि मोटर थांबली नाही, तर 75 न्यूटनांच्या पुढे तो नाजूक कोरीव भाग कायमचा वाकतो. तो मोडत नाही. आकडे देतच राहतो, फक्त चुकीचे.

थांबायला वेळ किती असतो? आपल्या 10 सेकंदांच्या चालीत दट्ट्या सेकंदाला 3.16 मिलिमीटर जातो. तळाला टेकल्यावरचा ताठरपणा दर मिलिमीटरला 500 न्यूटन धरला तर 50 न्यूटन चढायला 0.1 मिलिमीटर पुरते, म्हणजे 32 मिलिसेकंद. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यात असते तसली एचएक्स 711 चिप सेकंदाला 10 किंवा 80 नोंदी देते. दहाच्या वेगावर दोन नोंदींच्या मध्येच लोडसेल मेलेला असेल. म्हणून सॉफ्टवेअरवर एकट्यावर विसंबू नये, पट्टीला लोखंडी अडसर द्यावाच. आणि मला सर्वात आवडणारा उपाय म्हणजे मोटरचा प्रवाहच इतका कमी ठेवायचा की 60-65 न्यूटनांच्या पुढे तिला ढकलताच येऊ नये. पाऊल चुकवणे हा जो तिचा दोष, तोच इथे लोडसेलचा राखणदार होतो.

दुसरी ओढाताण अधिक सूक्ष्म आहे, आणि मोटर व सेन्सर एकत्रच का निवडायचे ते तिच्यातून कळते. मोटर पावलांनी चालते, म्हणजे प्रत्येक पावलाला एक बारीक धक्का देते. तो धक्का स्क्रूतून, पट्टीतून थेट लोडसेलमध्ये येतो. आपल्या वेगाला सेकंदाला 316 पावले, म्हणजे बलाच्या रेघेवर 316 हर्ट्‌झची थरथर. आता नोंदी सेकंदाला 80 घेतल्या. 80 ची चौपट 320. थरथर आणि नोंदींच्या चौपटीत फक्त चारचा फरक, आणि पडद्यावर उमटते सेकंदाला चार लाटांची संथ, देखणी लहर. दर पाऊण मिलिमीटरला एक उंचवटा! चिप आतच सरासरी काढते, त्यामुळे ती बरीच दबते. पण जे उरते ते अगदी रबर काचेला चिकटत-सुटत चालल्यासारखे दिसते. सिलिकोनचा थर नीट बसला नाही की खरोखर अशीच लहर येते. म्हणजे यंत्र स्वतःच्याच पावलांचा आवाज ऐकून सिरिंजला दोष देते आणि निर्दोष माल बाजूला काढला जातो.

खरी लहर कोणती, ते ओळखायची युक्ती फार सुंदर आहे. वेग किंचित कमी करा, सेकंदाला तीन मिलिमीटर. पावले झाली 300. रबराची खरी लहर असेल तर ती जवळजवळ तशीच राहील. भ्रमाची असेल तर चारावरून एकदम 20 हर्ट्‌झवर उडेल, कारण 320 मधून आता 300 वजा होतात. वेगात पाच टक्के बदल आणि लहरीत पाचपट! मूळ उपाय अर्थातच असा की नोंदी सेकंदाला दोन हजारांच्या पुढे घ्याव्यात आणि त्याआधी विजेची गाळणी लावावी. सुरुवातीचा सुळकाही मग निसटत नाही. बूच सुटते तो क्षण फार थोडा असतो आणि 10 नोंदींच्या जाळीतून तो आरपार जातो.

पावलाचे आणखी तुकडे करून थरथर कमी करता येते. दोन वेटोळ्यांतले प्रवाह लहरीसारखे चढवत-उतरवत नेले तर एका पावलाचे 16 भाग होतात. कागदावर पट्टी मग 0.625 मायक्रॉनने सरकते. ही मायक्रोस्टेपिंगची चाल घ्यावीच, पण चाल गुळगुळीत व्हावी एवढ्यासाठी, अचूकतेच्या आशेने नव्हे. सोळाव्या भागाच्या पावलाला मोटरच्या धरून ठेवण्याच्या जोराच्या जेमतेम 10 टक्के जोर मिळतो. नटमधले घर्षण त्याहून जास्त असेल तर पहिल्या हुकुमाला पट्टी हलतच नाही, दुसऱ्या-तिसऱ्याला उडी मारते. उष्णतेचेही भान हवे. स्टेपर मोटर उभी असतानाही पूर्ण प्रवाह घेते आणि तापते. 200 मिलिमीटरचा पोलादी स्क्रू 20 अंशांनी तापला तर जवळपास 48 मायक्रॉन वाढतो, म्हणजे पाच पावलांइतका, आणि मोटरला त्याचा पत्ता नसतो. विश्रांतीत प्रवाह निम्मा करणे आणि लोडसेल मोटरपासून दूर ठेवणे, एवढ्याने बरेच साधते.

सगळे जुळून आले, आता यंत्राला न्यूटन शिकवायचा. लोडसेलवर प्रमाणित वजने ठेवून आकडे जुळवतात. पाच किलोचे वजन ठेवले, प्रमाण गुरुत्व 9.80665 ने गुणले, 49.03 न्यूटन. पण पृथ्वी फिरते, विषुववृत्ताशी फुगलेली आहे, आणि आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ राहतो. मुंबईत गुरुत्वाचे मूल्य साधारण 9.786 आहे, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला 9.813. तेच पाच किलो मुंबईत 48.93 न्यूटनच दाबतात. फरक 0.1 न्यूटन, म्हणजे 500 चा लोडसेल नाकारून आपण जो 50 चा घेतला, त्याच्या चुकीच्या दुप्पट. मोटरची पावले, नटचे घर्षण, वेटोळ्यातला प्रवाह सगळे सांभाळले आणि अक्षांश विसरला, तरी यंत्र चुकते. त्यामुळे काळजीपूर्वक काम करणाऱ्या प्रयोगशाळेच्या कॅलिब्रेशनच्या कागदावर वजनाच्या आकड्याशेजारी त्या गावाचे गुरुत्वही लिहिलेले असते.